धुराड्यासमोरचा बाक

चष्मेवाल्याचं ते पत्र येऊन पडलं त्याला दुसरं वर्ष लागलं होतं, आणि खिळेकाकांनी अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही मोठं नव्हतं. लेकीकडे राहायला गेलेला म्हातारा लिहील तसंच होतं. जेवण वेळेवर मिळतं, गुडघे बरे आहेत, जावई अबोल आहे पण वाईट नाही. शेवटी मात्र एक विनंती होती. ‘नात विचारते, आजोबा, तुम्ही राहत होता त्या जागेचं असं काय वेगळं होतं? मला धड सांगता येईना. तू लिहिणारा माणूस. आपल्या इमारतीचं वेगळेपण चार ओळींत लिहून पाठव. वाट बघतो.’

चार ओळी! खिळेकाकांचा सगळा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला होता. तिथे शिशाच्या अक्षरांना खिळे म्हणायचे. ते खिळे केव्हाच वितळवले गेले, पण त्यांचं नाव तेवढं काकांना चिकटून राहिलं. दुसऱ्यांच्या ओळीच्या ओळी सरळ करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या चार ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटायचा. त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. ‘आपली इमारत चार मजली आहे’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं. कुठली नसते? ‘जिन्याचा कठडा हात फिरून फिरून गुळगुळीत झाला आहे’ हेही खोडलं. असे कठडे गावोगाव असतील, नातीने काय कौतुक करायचं? एकदा त्यांनी लिहिलं, ‘आपल्याकडची माणसं एकटीच बोलतात.’ हे मात्र खरंच वेगळं होतं. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचं असलं काही चव्हाट्यावर आणणं त्यांना बरं वाटेना. तेही खोडलं.

माणसं एकटी बोलतात हे काकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. इमारतीच्या मागच्या चौकात, जिन्याच्या पोटाशी, एक दगडी बाक होता. बाकाच्या पाठच्या भिंतीत जाळी बसवलेलं एक काळं तोंड होतं. पूर्वी तिथे सगळ्या इमारतीचं पाणी तापवायची भट्टी होती. ती मोडून टाकली, पण तिचं धुराडं भिंतीच्या आतल्या आत तसंच राहिलं. त्या बाकावर टेकून चांगली धडधाकट माणसं आपल्याशीच बोलायची. बसवरचा कंडक्टर एकदा ‘दूध नासलंय, चहा टाकू नकोस’ असं भिंतीला सांगत होता. दुसऱ्या मजल्यावरची सून पिशव्या पायाशी ठेवून ‘फार जड झाल्यात हो’ असं हवेत म्हणत होती. असं काही दिसलं की काका मान खाली घालून घरात शिरत. एखाद्यावर एकटं बोलायची पाळी यावी आणि वर ती कुणी बघावी, हे त्यांना क्रूर वाटे.

ते स्वतः त्या बाकावर कधी एकटे बसले नाहीत. त्यांच्या शेजारी चष्मेवाला असे.

चष्मेवाला चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहायचा. काचा घासायचं यंत्र, काचांचे खोके आणि स्वतः तो, एवढ्यानेच खोली भरून जाई. म्हणून संध्याकाळचा चहा झाला की तोच खाली यायचा. काकाही चौथ्या मजल्याची वाट कधी धरत नसत. चौथा मजला म्हणजे सगळ्या इमारतीची कपडे वाळत घालायची जागा. वर पत्र्याचं छप्पर, खाली दोऱ्याच दोऱ्या, आणि दिवसभर बायकांचा राबता. काका पडले भिडस्त. बायकांच्या घोळक्यासमोरून जायचं म्हटलं की त्यांचे पाय एकमेकांत अडकत.

एका संध्याकाळी, बोलता बोलता, काकांच्या तोंडून निघून गेलं की आपण काहीतरी लिहितो. म्हणजे लिहितो कसलं, आपलं उगीच. नावेवर माणसं पैलतीराला नेणारी एक विधवा आत्या, तिची जुनी नाव, आणि नदीवर होऊ घातलेला पूल. चष्मेवाला म्हणाला, “आण की मग. वाचून दाखव.”

“छे छे. ते काय ऐकवण्यासारखं आहे?”

“ते मी ठरवीन. तू वाच.”

काकांनी आणलं. चष्मेवाला म्हणाला, “जरा मोठ्यानं वाच बाबा, मला या कानानं कमी ऐकू येतं.” आणि थोड्या वेळाने, “असा भिंतीकडे तोंड करून बस. पानावर उजेड चांगला पडतो.” काका भिंतीकडे तोंड करून, त्यांच्या मानाने मोठ्या आवाजात, वाचत राहिले. त्यानंतर संध्याकाळी वाचायचं हा नेमच झाला. काका दिवसा लिहीत आणि संध्याकाळी वाचत. बाकावर आधीच कुणी बसलेलं असलं तर त्या वेळेला ते आपण होऊन उठून जाई. म्हाताऱ्यांचा मान ठेवतात लोक, असं काकांना वाटायचं.

चष्मेवाला ऐकताना काही बोलत नसे. दुसऱ्या दिवशी यायचा तो मत घेऊन. “हे बघ, आत्याला बुडवू नकोस. मला झोप लागली नाही.” काकांनी आत्याला वाचवलं. “तो पुलाचा साहेब फार शहाणा झालाय, त्याला एकदा चिखलात पाडच.” काकांनी पाडला. आणि एकदा, बराच वेळ हातातली काच पुसत, चष्मेवाला म्हणाला होता, “तुझं वाक्य ओझं घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखं आहे. दमतं, थांबतं, पण ओझं खाली ठेवत नाही.”

त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. आयुष्यात त्यांच्याबद्दल कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. आपण लेखक आहोत की नाही याची त्यांना रोज सकाळी नव्याने शंका यायची, आणि रोज ते त्या एका वाक्याचा आधार धरून टेबलाशी बसायचे. एका माणसाला आपलं लिहिणं कळतं. मग सगळ्या जगाने पाठ फिरवली तरी चालेल.

मग चष्मेवाल्याची नजर अधू झाली, लेकीने त्याला बोलावून घेतलं, आणि आत्या आपली नाव विकायची की नाही या विचारात नदीकाठी बसून राहिली. काकांनी पुढे एक अक्षर लिहिलं नाही. लिहायचं कुणासाठी?

असं सगळं चाललं असताना बायकोचा हात मुरगळला. ओल्या कपड्यांची बादली उचलताना मनगटातून कळ निघाली आणि हात गळ्यात आला.

“आता हे वाळत कोण घालणार?” ती म्हणाली. “मी जाते, एका हातानं घालीन.”

“मी जातो,” काका म्हणाले आणि आपणच दचकले.

“तुम्ही? वर बायका असतात.”

“असू देत. मी काही लहान आहे का?”

“लहान असता तर काळजी नव्हती,” ती म्हणाली. “चिमटे मोजून आणा. गेल्या खेपेला कुणीतरी आपले ढापले.”

काका बादली घेऊन निघाले. प्रत्येक मजल्यावर टेकत, धापा टाकत चढत होते. मनात एक लबाड विचारही होता: वर काहीतरी दिसेल, इमारतीचं वेगळेपण म्हणून लिहून टाकू, पत्राचं उत्तर एकदाचं जाईल. डोक्यावरचं ओझं उतरेल.

वर शिवणबाई एकटीच होती. तिसऱ्या मजल्यावर तिचं शिवणयंत्र होतं, पण हाताचं काम असलं की ती ते घेऊन इथे येऊन बसे. आताही ती एका पालथ्या टोपलीवर बसून शर्टाला काजं करत होती. तिच्या मागे भिंतीत, साधारण माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक चौकोनी भोक होतं. वर पत्र्याची टोपी आणि आत अंधार.

“या काका,” ती म्हणाली. “आज सूर्य कुठून उगवला?”

काका काहीतरी पुटपुटले आणि दोरीकडे वळले. बायकोचं पातळ झटकून दोरीवर टाकतात न टाकतात तोच त्यांच्या कानाशी कुणीतरी खणखणीत म्हणालं, “मी सांगतो तुला, मेहुण्या, त्या गाडीचा ब्रेक मला पहिल्यापासून पसंत नाही.”

काकांनी गर्रकन मागे पाहिलं. कुणी नव्हतं.

“कंडक्टर आहे,” शिवणबाई सुईत दोरा ओवत म्हणाली. “मेहुणा आलाय. सकाळपासून ब्रेक, ब्रेक, ब्रेक. कान किटले. तुमच्या बाकावरून असलं ऐकवत नाही बघा.”

“कंडक्टर? कुठे आहे?”

“खाली. बाकावर. कुठे असणार?”

काका त्या चौकोनी भोकाकडे बघत राहिले. त्यातून मेहुण्याचा खोकला आला, काडी ओढल्याचा आवाज आला, मग कंडक्टरचं ‘इथे नको ओढूस, वर वास जातो’ आलं. सगळं इतकं जवळून की काका एक पाऊल मागे सरले.

“आता विषय निघालाच आहे म्हणून विचारते हं,” शिवणबाईने शर्ट मांडीवर ठेवला. तिचा आवाज एकदम खाली आला. “विचारू नये ते कळतंय. पण चष्मेवाले गेले, आता किती दिवस कळ काढायची? काका, आत्यानं नाव विकली का हो?”

काकांच्या हातातला चिमटा खाली पडला.

आत्या या जगात दोनच माणसांना माहीत होती. एक ते स्वतः, आणि दुसरा लेकीकडे राहायला गेलेला.

“कोण आत्या?” ते म्हणाले.

“घ्या! आता मलाच विचारतात कोण आत्या. अहो, मी तिच्यापायी किती रडले! ती बुडणार असं दिसायला लागलं तेव्हा मी चष्मेवाल्यांना जिन्यात गाठून सांगितलं, आत्या मेली तर मी इथं पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवा तुमच्या दोस्ताला. आणि कंडक्टर तर त्या साहेबावर असा खवळलेला! म्हणायचा, त्याला चिखलात घाला. घातलात की नाही तुम्ही? त्या दिवशी इथं इतके हसलो आम्ही, तोंडात पदर कोंबून. तरी एकदा आवाज खाली गेलाच.”

काकांना आठवलं. वाचता वाचता धुराड्यातून कसलासा घुमल्यासारखा आवाज आला होता. चष्मेवाला म्हणाला होता, “पारवे आहेत. तू वाच.”

“सगळे ऐकायचे?” काकांनी विचारलं.

“सगळे म्हणजे, ज्याला काम नसेल तो प्रत्येक जण. आपापले पाट, टोपल्या घेऊन. शेंगा सोलायच्या असल्या तर त्या इथं. कुणी बोलायचं नाही, कुणी शिंकायचं नाही. चष्मेवाल्यांची सक्त ताकीद होती.” तिने शर्ट पुन्हा हातात घेतला. “पहिल्याच दिवशी ते सगळ्यांना बजावून गेले होते. म्हणाले, त्यांना धुराड्याचं पक्कं ठाऊक आहे, तुम्ही ऐकावं म्हणूनच ते तिथं वाचतात. पण माणूस लाजाळूचं झाड आहे. तोंडावर कुणी एक शब्द काढलात तर पुन्हा वाचणार नाही. म्हणून आम्ही सगळे मूग गिळून गप्प. जिन्यात तुम्ही भेटलात की आत्या अगदी जिभेवर यायची, पण नाही विचारलं. आज विचारलं. रागावलात का?”

तळमजल्यावर नवं बिऱ्हाड आलं की कुणीतरी त्यांना बाकाचं सांगायचं, अशी इमारतीची रीतच होती. कपडे वाळत घालणाऱ्या बाईला पहिल्याच आठवड्यात आपोआप कळे. राहिले ते एकटे काका, जे कधी वर गेले नाहीत. आणि ज्याने सांगायचं तो रोज शेजारी बसून, ‘जरा मोठ्यानं वाच बाबा’ म्हणत होता.

“तुम्हाला ठाऊक होतं ना, काका?” शिवणबाईने विचारलं. तिच्या कपाळावर आठी पडली होती.

हाच तो क्षण होता. ‘नाही’ एवढा एक शब्द म्हटला असता तर सगळं स्वच्छ झालं असतं. पण नाही म्हणायचं म्हणजे आपण इतकी वर्षं भर चौकात उघडे बसलो होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे या बाईसमोर कबूल करायचं. काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“हो,” ते म्हणाले. “म्हणजे काय. ठाऊक होतं की.”

“मला वाटलंच,” शिवणबाईचा जीव भांड्यात पडला. “चष्मेवाले खोटं कशाला बोलतील?”

काकांनी उरलेले कपडे कसे घातले ते त्यांना कळलं नाही. जिना उतरताना त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. आत्याला बुडवू नकोस, मला झोप लागली नाही. झोप शिवणबाईला लागली नव्हती. साहेबाला चिखलात कंडक्टरने पाडलं होतं. एक जाणता वाचक आपल्याला आहे असं समजून ते ज्याच्या तोंडाकडे बघत आले, तो नुसता निरोप्या होता. वरचं खाली आणायचा. आणि खालचं वर जाईल अशी तजवीज करायचा. कान तर त्याचे दोन्ही ठणठणीत असणार.

काकांना रडू येत नव्हतं. कुणीतरी गर्दीत आपले कपडे काढून घ्यावेत आणि वर आपल्यालाच ‘किती छान दिसताय’ म्हणावं, तसं काहीतरी झालं होतं.

दारात पाय ठेवताच बायको म्हणाली, “चिमटे?”

“वर राहिले.”

“वाटलंच होतं.” तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “दमलात का? बसा. पाणी देते.”

“तुला धुराड्याचं माहीत होतं?” काकांनी उभ्या उभ्याच विचारलं.

“कसलं, ऐकू येतं ते? इथे राहून ते कुणाला माहीत नाही?”

“आणि मी वाचायचो ते?”

ती डाव्या हाताने पेला विसळत होती. तिने वळून पाहिलं नाही. “आज काय, सगळंच बोलून टाकायचं ठरवलंय वाटतं. ऐकायची की मी. पहिल्या दिवसापासून.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी बोललात? इतकी वर्षं टेबलाशी बसून लिहीत होता, मी खोलीत आले की त्यावर वर्तमानपत्र टाकायचात. मला वाटायचं, बाई, आपल्यापासून काय हे लपवतात? मला कळणार नाही असं वाटत असेल यांना. मग चष्मेवाल्यांनी सांगितलं, ते खाली वाचणार आहेत, वर ऐकायला जा.” आता तिने पेला ठेवला. “तेव्हा लक्षात आलं. माझ्यासमोर वाचायची लाज वाटते, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. मला हसू आलं. म्हटलं, वाचू देत भिंतीला. भिंत आपलीच आहे.”

काका खुर्चीवर बसले.

“शिवणबाई एकदा मला म्हणाली, तुमचे हे कुणासाठी एवढं वाचतात हो? मी म्हटलं, कुणासाठी का असेना.” ती थोडी हसली. साठी उलटलेल्या त्या तोंडावर ते हसू काकांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. “पण मला ठाऊक होतं कुणासाठी ते. आत्या पदराला गाठ मारून ठेवते, विसरू नये म्हणून. ते माझंच घेतलंत ना?”

घेतलं तिचंच होतं. पण काकांनी ते तिच्यासाठी लिहिलं नव्हतं. तिला ऐकू जाईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“मी चष्मेवाल्यांना एकदा सांगितलंसुद्धा,” ती पुढे म्हणाली. “कपड्यांची बादली घेऊन वर पोचले होते, धाप लागलेली, आणि तुमचं वाचणं चालू होतं. ते संपवून चष्मेवाले वर आले, तेव्हा मी म्हटलं, यांचं वाक्य ना, अगदी माझ्यासारखं आहे. ओझं घेऊन जिना चढतंय. दमतं, थांबतं, पण खाली काही ठेवत नाही. त्यांना फार आवडलं ते. म्हणाले, सांगतो त्याला. सांगितलं का त्यांनी?”

“सांगितलं,” काका म्हणाले.

“माझं म्हणून?”

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काका तिच्या गळ्यातल्या हाताकडे बघत होते.

“हो,” ते म्हणाले. “तुझं म्हणून.”

एका दिवसात दुसऱ्यांदा ते खोटं बोलले होते. पण हे पहिल्यापेक्षा जड होतं. आता या खोट्यावर त्यांचा संसार उभा होता, हे त्यांच्या लक्षात आलं. तिची ती वर्षं, वर बसून ऐकण्याची, कुणालाही न सांगता मनात हसण्याची, सगळी चष्मेवाल्याच्या एका थापेवर रचलेली होती. ती थाप उघडी पाडली असती तर त्यांना न्याय मिळाला असता. तिच्या हातात काय उरलं असतं?

संध्याकाळी काका मागच्या चौकात गेले. बाक रिकामा होता. ते बसले. चष्मेवाला गेल्यापासून ते इथे फिरकले नव्हते. त्यांनी जाळीकडे तोंड केलं. ‘मला माहीत नव्हतं! ऐका सगळे, मला माहीत नव्हतं! त्यानं मला फसवलं आणि तुम्हालाही फसवलं!’ एवढंच म्हणायचं होतं. दिवसभर घोळवून वाक्य तयार केलं होतं. त्यांच्या आयुष्यातलं हे एकच वाक्य असेल जे सगळ्यांनी ऐकावं असं त्यांना वाटत होतं.

वरून काहीच ऐकू येत नव्हतं. पण आता ती शांतता त्यांना ओळखू येत होती. तिसऱ्या मजल्यावरचं शिवणयंत्र थांबलं होतं. जिन्यावरून कुणीतरी भराभर चढत गेलं, पाय न वाजवता. कंडक्टर चौकात आला, त्यांना बाकावर पाहून जागच्या जागी थबकला, आणि कानाला हात लावून, माफी मागितल्यासारखा, वरच्या वाटेला लागला. मग एक हात कठड्यावरून सावकाश सरकत गेला. दुसरा गळ्यात होता. ती चालली होती. चार मजले, मुरगळलेल्या हाताने, चपला काढून.

काकांनी उघडलेलं तोंड मिटलं. आत्तापर्यंत त्यांना ऐकणारे दिसत नव्हते म्हणून वाचता आलं. आता त्यांना सगळे दिसत होते, एकेकाच्या चेहऱ्यासकट, पाटांसकट, शेंगांसकट. वाचायला कागद नव्हता आणि ओरडायला छाती नव्हती. ते जाळीला, अगदी हळू, म्हणाले, “आज नाही.”

वर कुणीतरी सुस्कारा टाकला असेल. तो खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका टेबलाशी बसले. बायको खोलीत आली, तेव्हा त्यांनी कागदावर वर्तमानपत्र टाकलं नाही. ती बघून न बघितल्यासारखं करून निघून गेली. त्यांनी लिहिलं:

‘तुझं पत्र मिळालं होतं. आपल्या इमारतीचं वेगळेपण तू विचारलंस. तळमजल्याच्या बाकावर बोललेला शब्द धुराड्यातून चौथ्या मजल्यावर ऐकू जातो. असं दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. तेही नातीला सांग, कारण तेही दुसरीकडे कुठे नसेल.

तुला हे सांगावं लागत नाही हे मला कळतंय. तू विचारलंस ते मला कळलंय का हे पाहायला, की सांगून टाकायचा धीर होईना म्हणून, ते मला ठरवता येत नाही. पत्र बऱ्याच वेळा वाचलं. दोन्ही अर्थ बसतात.

मी एका माणसासाठी लिहीत होतो. तू मला विकलंस असं म्हणता येणार नाही, कारण कुणी पैसे दिले नाहीत. तू मला फुकट वाटलंस. लोक म्हणतात, त्यांना आवडलं. असेल. पण त्यांनी ऐकावं की नाही हे मला ठरवायचं होतं. तो एवढासा अधिकार माझ्याजवळ होता आणि तो तू माझ्या शेजारी बसून घेतलास. आता मी कुणाकडे तक्रारही करू शकत नाही. सगळ्यांना वाटतं मीच दिला होता, आणि तसं वाटू देणं मला भाग आहे. माझ्या घरातल्या माणसासाठी भाग आहे. तेव्हा रागवायला मला या जगात तू एकटाच उरलास.

शिवणबाईचं मत मला मिळालं. कंडक्टरचं मिळालं. हिचंही मिळालं, तुझं म्हणून मी ते जपून ठेवलं होतं. तुझं स्वतःचं काही मत होतं का? एखादं तरी? तू इतकी वर्षं माझ्या शेजारी बसायचास तेव्हा ऐकत होतास, की वर नीट जातंय ना याकडे तुझं लक्ष होतं? मत असेल तर लिही. नसेल तर तेही लिही. गुडघ्यांना जप.’

वाचून पाहायचा मोह झाला. जन्मभराची सवय. एक तरी अनुस्वार राहिलाच असेल, ‘फुकट वाटलंस’ हे फार लागेल की काय, तेवढं तरी सौम्य करावं की काय. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पाकिटात सरकवली.

“कुठे निघालात?” बायकोने विचारलं.

“पोस्टात. चष्मेवाल्याला उत्तर लिहिलंय.”

“अगं बाई, लिहिलंत एकदाचं? काय लिहिलंत?”

“इमारतीचं. त्यानं विचारलं होतं ते.”

“धुराड्याचं लिहिलंत ना?”

“लिहिलं.”

“आणि माझा नमस्कार?”

काकांनी खिशातून पेन काढलं. पाकीट चिकटवलेलं होतं, म्हणून पाठीमागच्या बाजूला, बारीक अक्षरात, त्यांनी तिचा नमस्कार लिहिला.

पेटी रस्त्याच्या टोकाला होती. काकांनी पाकीट अर्धं आत घातलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मागे एक बाई हातात पत्र घेऊन उभी होती. “आजोबा, अडकलंय का?” तिने विचारलं.

“नाही,” ते म्हणाले, आणि बोटं सोडली.